हायब्रिड केबलचं कौतुक करणाऱ्यांनो, आधी आमच्या मागच्या गेटवर या

वळीव (धागाकर्ता):
परवा इथे एकाने ठोकून दिलं की वीज आणि फायबर वेगवेगळं ओढणं म्हणजे पैशांचा चुराडा, सोसायटीत सरसकट हायब्रिड केबलच टाका, म्हणजे दोन्ही एकाच जाकिटात. ही अक्कल आम्ही गेल्या वर्षीच विकत घेतलीय. मागचं गेट ऑफिसपासून २४० मीटर. कॅट-सिक्सचा, म्हणजे नेहमीच्या तांब्याच्या नेटवर्क केबलचा, जीव १०० मीटरचा, म्हणून फायबर, आणि त्याच जाकिटात कॅमेऱ्यासाठी तांब्याच्या दोन तारा. सात महिने मजेत गेले, मग तारेचा सांधा गेला. वायरमनने फायबरची नळी बघितली, म्हणाला, "हे नेटवाल्याचं." नेटवाला पोरगा फायबर जोडायचं स्प्लायसिंग मशीन घेऊन आला आणि दारातूनच फिरला, "काका, यात करंट आहे." नऊ दिवस गेट आंधळं. वेगळे पाइप असते तर अर्ध्या दिवसाचं काम.

ओहम_शांती:
दोष माणसांचा, शिव्या केबलला. मोबाइल टॉवरवर खालून ४८ व्होल्ट डीसी आणि फायबर एकाच जाड केबलमधून वरच्या रेडिओपर्यंत जातं. तुम्ही १२ व्होल्ट सोडले होते ना? खरं सांगा.

वळीव:
हो, १२च. कंत्राटदाराने सांगितलं तसं.

ओहम_शांती:
वाटलंच. दीड स्क्वेअरची (चौरस मिलिमीटरची) तार, जाऊन-येऊन ४८० मीटर, म्हणजे जवळपास ५.८ ओहम. एक अँपिअर ओढला की निम्मे व्होल्ट वाटेतच गळाले. तेच १२ वॉट ४८ व्होल्टवर न्या, दीड व्होल्टसुद्धा पडत नाही. टोकाला ४८चे १२ करणारा छोटा कन्व्हर्टर लावा, विषय संपला. आणि १२ काय, ४८ व्होल्टलाही घाबरायचं कारण नाही, हे त्या पोराला सांगा.

देवरुखची_वाट:
गणित झकास, पण फायबर टाकतात कशाला? आमच्या बागेतल्या घरी दर वर्षी मे अखेरीस विजा पडल्या की नेटवर्कचा स्विच जळायचा. काच वीज वाहत नाही म्हणून फायबर घेतलं. दोन पावसाळे सुखाचे गेले. मग मेव्हण्याच्या आग्रहाखातर हायब्रिड टाकली. पहिल्याच वळवात तांब्यातून वीज आत आली, स्विच, कॅमेरा, राउटर सगळं एका फटक्यात. सासुरवाडीत अजून बोललेलो नाही.

ओहम_शांती:
विजेचा झटका अडवणारा सर्ज प्रोटेक्टर? अर्थिंग?

देवरुखची_वाट:
जांभ्याच्या कातळावर अर्थिंग करून दाखवा, जेवायला बोलावतो.

ओहम_शांती:
बरं बाबा, कातळावर फक्त फायबर आणि टोकाला सोलर. एवढं मान्य. पण हायब्रिड म्हणजे कालचं फॅड नव्हे. वर्सोव्याला समुद्राखालून येणाऱ्या केबलींतही रिपीटरला, म्हणजे वाटेत सिग्नल वाढवणाऱ्या यंत्राला, वीज द्यायला तांबं असतंच. अटलांटिकखाली हे १९८८पासून चालू आहे.

चाळकरी_७७:
समुद्रात घुशी नसतात.

ओहम_शांती:
शार्क असतात. चावतातही.

चाळकरी_७७:
शार्क परवडला. आमच्या डक्टमध्ये घुशीने बोटाएवढी केबल अशी कुरतडली की मका खाल्लाय असं वाटावं. एका चाव्यात वीजही गेली, नेटही गेलं. दोन केबली असत्या तर एक तरी वाचली असती.

वळीव:
मुद्दा!

मीठमिरची:
कसला मुद्दा? घूस दोन्ही खाते. स्टीलचं कवच असलेली आर्मर्ड केबल घ्या.

देवरुखची_वाट:
स्टील म्हणजे पुन्हा वाहक. फिरून भोपळे चौकात.

मीठमिरची:
मग मांजर पाळा. आमच्याकडे चार आहेत, एक घूस दिसत नाही.

चाळकरी_७७:
तुमची चार मांजरं माझ्या स्कूटरच्या सीटवर काय करतात ते सांगू का? आणि थोराड घुशीपुढे मांजर पळतं, डोळ्यांनी पाहिलंय.

मीठमिरची:
तुमच्या विंगेतला उष्ट्याचा ढीग हलवा, घुशी आपोआप जातील. गेल्या सभेत हेच बोलले तर माइक काढून घेतला होतात.

चाळकरी_७७:
माइक बंद पडला होता! वायर कुरतडली होती!

वळीव:
अहो, धागा केबलचा आहे.

मीठमिरची:
कुरतडलेल्या केबलचाच चाललाय.

वळीव:
ओहमसाहेब, ४८ व्होल्टचं पटलं, नाइलाजाने. रविवारी कन्व्हर्टर बसवतो. पण नव्या गेटला दोन पाइप टाकणार म्हणजे टाकणार, भले कमिटीने मला वेड्यात काढलं तरी.

ओहम_शांती:
टाका. दुसरा पाइप घुशींना राहायला होईल.