ओव्हरडोसच्या नोंदी एकाच ठिकाणी आणायच्या आहेत, अनुदान कशावर मागावं?

कुर्ला_आउटरीच:
एल आणि एम पूर्व वॉर्डातल्या ड्रॉप-इन सेंटरसाठी प्रस्ताव लिहितोय. ओव्हरडोसच्या नोंदी आमच्या वहीत वेगळ्या, पालिका रुग्णालयांच्या कॅज्युअल्टीत वेगळ्या, 108 कडे वेगळ्या. त्या एकत्र दिसाव्यात म्हणून सरकारी अनुदान मागायचंय. अमेरिकेतल्या ओडीमॅपसारखा, म्हणजे ओव्हरडोस कुठे-कधी झाले ते दाखवणारा नकाशा डोक्यात आहे, पण सॉफ्टवेअरच्या कोटेशनमध्येच जवळपास सगळं बजेट संपतंय. पैसे नेमके कशावर मागावेत आणि नोंदीत कमीत कमी काय हवं?

नोंदवही:
कोटेशन आधी बाजूला ठेवा. ओडीमॅप 2017 पासून चालू आहे आणि तो वापरणाऱ्या यंत्रणांना फुकट मिळतो. सीडीसीचा, म्हणजे अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेचा 'ओव्हरडोस डेटा टू अ‍ॅक्शन' हा अनुदान कार्यक्रम 2019 ला सुरू झाला. त्याचा पैसा आरोग्य विभागांना मिळतो आणि माणसं, नोंदींची जुळवाजुळव, विषशास्त्राच्या चाचण्या आणि त्यावरून करायची प्रतिबंधाची कामं यांवर खर्च होतो. तुमचाही खरा खर्च रोज नोंद भरणाऱ्या आणि ती तपासणाऱ्या माणसाचा आहे. सुरुवातीला एक साधा फॉर्म आणि एक सामायिक तक्ता पुरतो.

ओडीमॅपवर प्रत्येक घटनेसाठी चारच गोष्टी सक्तीच्या आहेत: ठिकाण, तारीख-वेळ, मृत्यू झाला की वाचला, नॅलोक्सोन (हेरॉइनसारख्या अफूजन्य नशेवरचा उतारा) दिलं का. तुम्ही वय, लिंग आणि संशयित पदार्थ घाला, त्यापुढे जाऊ नका. वीस रकान्यांचा फॉर्म रात्रपाळीत कुणी भरत नाही. मग सकाळी अंदाजाने भरला जातो आणि वेळेचा रकाना निरुपयोगी होतो. नॅलोक्सोनपुढे किती अ‍ॅम्प्युल लागले तेही लिहा. 0.4 मिलिग्रॅमच्या एका अ‍ॅम्प्युलने भागलं की चार लागले, यावरून माल किती कडक आहे किंवा सोबत 'बटण', म्हणजे झोपेच्या गोळ्या घेतल्यात का, याचा सुगावा लागतो. एमडीवर, म्हणजे मेफेड्रोनवर नॅलोक्सोनचा काहीच परिणाम होत नाही, त्यामुळे एमडीच्या केसेस त्याच यादीत पण वेगळ्या खुणेने ठेवा.

सगळ्यात मोठा घोटाळा दुहेरी मोजणीचा. 108 ने एकाला राजावाडीत आणलं, तिथून सायनला रेफर केलं, तर एका माणसाच्या तीन नोंदी होतात. आधार मागू नका, माणसं यायचीच बंद होतील. वय, लिंग, पहिल्या संपर्काची वेळ आणि कुठून उचललं, एवढ्यावर बहुतेक जोड्या जुळतात. उरलेल्या हाताने तपासाव्या लागतात, आणि त्यासाठीच अर्धवेळ माणूस मागायचा.

आता इशाऱ्याचं, म्हणजे केसेस अचानक वाढल्या की घंटा कितीवर वाजवायची. 'सरासरी अधिक दोन प्रमाण विचलन' हे सूत्र लहान आकड्यांवर फसतं. समजा एका वॉर्डात दहा दिवसांत चार केसेस येतात, म्हणजे रोजची सरासरी 0.4. सूत्राने मर्यादा 1.66 येते, म्हणजे दोन केसेसना घंटा वाजणार. पण निव्वळ योगायोगानेसुद्धा वर्षातले बावीसेक दिवस दोन किंवा जास्त केसेस येतील. घंटा तीनवर ठेवली तर असे दिवस तीनच उरतात. दोनवर ठेवलेल्या घंटेकडे दुसऱ्या महिन्यापासून कुणी ढुंकूनही पाहत नाही.

कोडिंग_टेबल:
वाचलेल्यांचं वर आलंच आहे. मृत्यूंची मोजणी जास्त अवघड. मृत्यूच्या वैद्यकीय प्रमाणपत्रावर, म्हणजे फॉर्म 4 वर, पहिल्या ओळीत 'कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट' लिहून विषय संपवला जातो. हे कारण नव्हे, मरताना प्रत्येकाचं हृदय थांबतंच. मग कोडिंगमध्ये, म्हणजे मृत्यूच्या कारणाला आयसीडी-10 या आंतरराष्ट्रीय यादीतला कोड देताना, ती केस भलत्याच गटात जाते आणि ओव्हरडोस म्हणून कधीच सापडत नाही. हेरॉइन असेल तर टी40.1 हवा, सोबत बाह्य कारणाचा कोड: अपघाताने असेल तर एक्स42, हेतू कळत नसेल तर वाय12. नुसता एफ11 टाकला तर व्यसन कळतं, विषबाधा कळत नाही. प्रस्तावात कॅज्युअल्टीच्या निवासी डॉक्टरांसाठी आणि रेकॉर्ड विभागासाठी दर सहा महिन्यांनी अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण नक्की घाला, कारण निवासी डॉक्टर सतत बदलतात.

शवविच्छेदनानंतर 'मत राखून ठेवले' असा शेरा येतो आणि व्हिसेरा, म्हणजे अवयवांचे नमुने, कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातो. रासायनिक विश्लेषणाचा अहवाल यायला महिने लागू शकतात. म्हणून तक्त्यात 'संशयित' आणि 'निश्चित' असे दोन रकाने पहिल्या दिवसापासून ठेवा, आणि अहवाल आल्यावर जुनी नोंद न खोडता निश्चितीची तारीख घाला. नमुन्यांतही चूक होते: रक्त हृदयातून काढलं तर मृत्यूनंतर पदार्थ अवयवांतून रक्तात उतरल्यामुळे पातळी खोटी वाढलेली दिसते. रक्त मांडीच्या शिरेतून, सोडियम फ्लोराइडच्या बाटलीत घ्यायचं; अवयव संपृक्त मिठाच्या द्रावणात, फॉर्मॅलिनमध्ये कधीच नाही.

कॅज्युअल्टीत लघवीची पट्टी वापरणार असाल तर तिच्या मर्यादा फॉर्मवरच छापा. ओपिएटची, म्हणजे अफूजन्य पदार्थांची पट्टी ब्राउन शुगर आणि कोडीन पकडते, ट्रॅमाडॉल, ब्युप्रेनॉर्फिन, फेंटानिल सोडून देते. एमडी अ‍ॅम्फेटामिनच्या पट्टीवर बऱ्याचदा दिसतच नाही. 'निगेटिव्ह' लिहिण्याऐवजी 'या पट्टीवर आढळले नाही' असं लिहा.

कलम_64अ:
पोलिसांना काय दिसणार, हे प्रस्तावातच ठरवा. ओडीमॅपला पोलिसही जोडलेले असतात, पण नकाशावर माणसाचं नाव नसतं. आपल्याकडे एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम 27 खाली सेवन हाच गुन्हा आहे. 64अ खाली संरक्षण मिळतं ते स्वतःहून उपचार घेणाऱ्याला. शेजारी बेशुद्ध पडलेल्या मित्रासाठी 108 ला फोन करणाऱ्याला त्यात काही नाही. यादी एकदा जरी चौकीत पोचली, तरी फोन येणं थांबेल. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 च्या कलम 23 मधली गोपनीयता व्यसनाच्या रुग्णांनाही लागू होते, तिचा उल्लेख सामंजस्य करारात करा. नकाशावर बिंदू न टाकता वॉर्ड किंवा बीट रंगवा, आणि पाचपेक्षा कमी आकडा असेल तिथे 'पाचहून कमी' एवढंच दाखवा. अमुक पुलाखाली एक 19 वर्षांचा, इतकं लिहिलं की वस्तीत नाव कळतंच.

अनुदानाबद्दल: सामाजिक न्याय मंत्रालयाच्या एनएपीडीडीआरमध्ये, म्हणजे अमली पदार्थांची मागणी कमी करण्याच्या राष्ट्रीय योजनेत, केंद्रांच्या खर्चाचे मथळे बांधलेले आहेत. त्याच केंद्राच्या बजेटात सॉफ्टवेअर घुसवायला गेलात तर उपयोगिता प्रमाणपत्राच्या वेळी अडकाल. नोंदीचं काम आउटरीच कर्मचाऱ्याच्या ठरलेल्या कामात लिहा. जुळवणी करणारा माणूस आणि चाचण्या हा भाग राज्याच्या कृती आराखड्यातून किंवा सीएसआरमधून, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक निधीतून, वेगळा मागा.

कुर्ला_आउटरीच:
मृतावस्थेत आणलेल्या केसेस कुणी भरायच्या? 108 म्हणतं आम्ही नेलं नाही, वॉर्ड म्हणतो दाखलच झाला नाही.

कोडिंग_टेबल:
कॅज्युअल्टीची मेडिको-लीगल नोंद होते, तिथूनच घ्या. तोच क्रमांक तुमच्या तक्त्यात मूळ दुवा म्हणून ठेवा, कारण शवविच्छेदनाच्या कागदांचा माग त्यावरूनच लागतो. नाव मात्र रुग्णालयाच्या रजिस्टरमध्येच राहू द्या. दर सोमवारी कुणीतरी रजिस्टर चाळून आठवड्याची यादी उतरवायची, याला आठवड्याचे तीन तास धरा.