मदत हवी आहे: मत्स्यबीज केंद्र पाहून प्रतापगड चढायचा आहे (जि. गोंदिया)

बोडीकाठ: जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही आठ जण अर्जुनी मोरगाव तालुक्यातला प्रतापगड चढणार आहोत. त्याआधी वाटेतलं मत्स्यबीज केंद्र पाहायचंय. अंडी पाहायला किती वाजता पोचावं? आणि 10 गुंठ्यांच्या बोडीसाठी (शेतातल्या लहान तळ्यासाठी) तिथूनच बोटुकली (बोटाएवढी माशाची पिल्लं) घेऊन गाडीत ठेवली आणि गड चढून आलो, तर जमेल का?

मामातलाव: आदल्या संध्याकाळी केंद्रावर फोन करून एवढंच विचारा, "आज इंजेक्शन दिलं का जी?" रोहू, कटला, मृगळ साठलेल्या पाण्यात आपोआप वीत नाहीत. म्हणून नर-मादीला संध्याकाळी संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन गोल कुंडातल्या फिरत्या पाण्यात सोडतात, पहाटेपर्यंत अंडी पडतात. पावसाने ओढ दिली, पाणी तापलं, की काम पुढे ढकलतात.

सहा-साडेसहाला पोचा. भिजलेल्या साबुदाण्यासारखी अंडी पाण्याबरोबर गरगरत असतात. काचेच्या पेल्यात घेऊन उजेडात धरायला सांगा: जिवंत अंडं आरपार दिसतं, मेलेलं दुधाळ पांढरं. पाणी 27-29 अंशांवर असलं तर फुटायला 14 ते 18 तास लागतात, म्हणजे ते तुम्हाला दिसणार नाही. आधीच्या खेपेचं जिरं (अंड्यातून नुकतीच निघालेली बारीक पिल्लं) शेजारच्या कुंडात असलं तर तेही पाहा. कृपा करून पाण्याच्या कॉकला हात लावू नका. प्रवाह थांबला की अंडी तळाशी साचून गुदमरतात. डासांचं मलम लावलेला हातही पाण्यात नको.

बोटुकलीचं म्हणाल तर जुलैत यंदाचं जिरंच मिळेल. त्याची बोटुकली व्हायला दोन-अडीच महिने लागतात. जिरं थेट बोडीत सोडलंत तर मरळ हा शिकारी मासा फस्त करेल. आत्ता नोंदणी करा, सप्टेंबरात न्या. हेक्टरी 5 हजारांच्या हिशेबाने 500 पुरेत.

झाडीवाट: गडाभोवती जंगल आहे, पहाटे अस्वलाची भीती. त्यामुळे आधी केंद्र, मग गड हा क्रम बरोबर. ओल्या खडकावर शेवाळ असतं, चप्पल नको. गडगडाट ऐकू आला की माथा सोडा.

बोडीकाठ: आभार! सप्टेंबरात नेताना काय सांभाळू?

मामातलाव: पिशवीत एक तृतीयांश पाणी, बाकी ऑक्सिजन. आदल्या दिवशी खाद्य बंद ठेवायला सांगा, नाहीतर पाणी घाण होऊन अमोनिया चढतो. गाडीत पिशव्यांवर ओलं पोतं टाका, वाटेत कुठे थांबू नका. बोडीवर पिशवी न उघडता 15-20 मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा, मग तोंड सोडून बोडीचं पाणी थोडं-थोडं आत घ्या. बोटुकली आपणहून बाहेर पडू द्या, ओतू नका.