मदत हवी आहे: वारीतले फोटो कार्डावर दिसतात, पण उघडत नाहीत. नवं कार्ड कोणतं घेऊ?

नीराकाठ

नमस्कार मंडळी. इथं आजवर नुसताच वाचत होतो, आज गरजेपोटी लिहितोय.

मी फलटणचा. कॅमेरा निकॉन डी७२००, तीन वर्षांपूर्वी ओळखीतून सेकंडहँड घेतलेला. माउलींची पालखी आमच्या भागात आली की नीरेपासून बरडपर्यंत जमेल तसा सोबत चालतो आणि फोटो काढतो. यंदा नीरा स्नान झालं, लोणंदचा मुक्काम झाला आणि काल चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण गाठलं. एका शेतकऱ्याच्या ट्रॉलीवर उभं राहायला जागा मिळाली. दोन्ही अंगाला दिंड्या, मधली वाट मोकळी, आधी स्वाराचा अश्व आणि मग माउलींचा. बोट दाबूनच धरलं होतं. प्रत्येक फोटो मागच्या पडद्यावर उमटत होता, त्यामुळं मी निर्धास्त.

रात्री लॅपटॉपला कार्ड लावलं. फाइली १,४१२. सुरुवातीच्या नीट आहेत. रिंगणाच्या फाइलींची नावं आहेत, साइज बरोबर दाखवते, पण एकही उघडत नाही. कार्ड परत कॅमेऱ्यात घातलं, तर तोही म्हणतो की फाइलमध्ये चित्र नाही. रात्रभर झोप नाही.

कार्ड २५६ जीबीचं, पाकिटावर नावाजलेली कंपनी. दिवाळीच्या सेलमध्ये ऑनलाइन ६९९ रुपयांना मिळालं. आठ महिन्यांत एकदाही कुरकुर केली नाही.

फोटो परत मिळतील का? दोष कॅमेऱ्याचा की कार्डाचा? आणि नवं कोणतं घेऊ? चार दिवसांनी पुरंदवड्याला गोल रिंगण आहे, त्याआधी काहीतरी ठरवायचंय. पाकिटांवर व्ही३०, यू३, ए२ असं काय काय लिहिलेलं असतं, त्यातलं मला ओ की ठो कळत नाही. आणखी एक, सलग फोटो काढले की तीन-चार सेकंदांत कॅमेरा अडकतो आणि मागचा हिरवा दिवा लुकलुकत राहतो. तेही कार्डामुळंच का?

खटपट्या

आधी कार्ड बाहेर काढा आणि त्याच्या कडेची प्लॅस्टिकची खिट्टी ‘लॉक’कडे सरकवा. त्यावर आता एकही फोटो काढायचा नाही, फॉरमॅट करायचं नाही. विंडोज ‘दुरुस्त करू का’ असं विचारेल, त्याला नाही म्हणा. ती दुरुस्ती कधी कधी उरलंसुरलंही घालवते.

मग एवढं सांगा. पहिल्यापासून मोजत गेलात तर कितवा फोटो शेवटचा उघडतो? त्यानंतरचे सगळेच गेलेत, की मधे मधे एखादा उघडतो? आणि फोटो रॉ, म्हणजे जेपेग न करता कच्च्या डेटाच्या रूपात, काढता का?

घाटवळण

मोबाइलनं काढा ना राव. वारीत एवढा जड कॅमेरा कशाला?

नीराकाठ

@घाटवळण, मोबाइलवर काढलेले दोन आहेत. दोन्हींत पुढच्या माणसाची टोपी आलीये.

@खटपट्या, आत्ता एकेक करून बघितलं. हो, रॉच काढतो. पहिले १,०९६ व्यवस्थित. १,०९७ अर्धा दिसतो, खालचा भाग करडा. त्यानंतर एकही नाही. म्हणजे लोणंदहून निघालो तिथपर्यंतचं सगळं आहे आणि पुढचं काहीच नाही.

खटपट्या

मग बहुतेक कळलं. वाईट बातमी आहे, बसून वाचा.

डी७२०० ची १४ बिटची लॉसलेस (काही न गमावता आवळलेली) रॉ फाइल सुमारे २८ एमबीची असते. १,०९६ गुणिले २८ करा, साडेतीस हजार एमबी होतात. म्हणजे तीस जीबीच्या थोडं पुढं जाऊन तुमचं कार्ड संपलं. आत मेमरी ३२ जीबीची आहे आणि २५६ चं लेबल वर चिकटवलंय.

या बनावट कार्डांत कंट्रोलरलाच, म्हणजे कार्डातलं लिहिणं-वाचणं सांभाळणाऱ्या चिपलाच, खोटं बोलायला शिकवलेलं असतं. कॅमेऱ्यानं विचारलं, जागा किती? तो सांगतो २५६. कॅमेरा बिचारा लिहीत जातो. खरी मेमरी संपली की पुढचा डेटा कंट्रोलर सरळ फेकून देतो आणि वर ‘लिहिलं’ म्हणून कळवतो. फाइलींची नावं आणि साइज यांची यादी कार्डाच्या सुरुवातीच्या भागात असते. तो भाग खरा आहे, म्हणून नावं दिसतात. काही बनावट कार्डं याहून वाईट, ती फिरून पहिल्या फोटोंवरच लिहायला लागतात. त्या मानानं तुमचं थोडक्यात भागलं.

फोटो काढल्या काढल्या पडद्यावर दिसतो तो कॅमेऱ्याच्या स्वतःच्या तात्पुरत्या मेमरीतून. कार्डावर पोहोचला की नाही, ते त्यावरून कळत नाही.

आता सांगा, या आठ महिन्यांत एका दमात हजारावर फोटो कधी काढले होते का?

नीराकाठ

नाही. तीन-चारशे झाले की लॅपटॉपवर घ्यायचे आणि कॅमेऱ्यातच फॉरमॅट मारायचा. म्हणजे त्या रेघेपर्यंत मी कधी गेलोच नव्हतो! गेलो ते नेमका काल.

तरी खात्री करायचीय. काही मार्ग?

खटपट्या

आहे. आधी ते १,०९६ फोटो दोन ठिकाणी उतरवून घ्या, कारण चाचणीत कार्ड पूर्ण पुसलं जाईल. मग खिट्टी उघडा, कार्ड फॉरमॅट करा आणि विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू नावाचं फुकटचं जर्मन सॉफ्टवेअर चालवा. भाषा इंग्रजी निवडता येते. ते कार्ड काठोकाठ भरतं आणि सगळं परत वाचून ताडून बघतं. मॅक किंवा लिनक्सवाल्यांसाठी एफ३ आहे. २५६ जीबीला पाच-सहा तास धरा, रात्री लावून झोपा.

रिंगणाच्या फोटोंसाठी चाचणीच्या आधी एकदा फोटोरेक हे गेलेल्या फाइली शोधणारं सॉफ्टवेअर चालवून बघा, तेही फुकट आहे. पण खोटी आशा लावत नाही. पुसलेला फोटो परत मिळतो, कारण पुसताना फक्त यादीतली नोंद जाते आणि डेटा जागेवर राहतो. तुमचे फोटो पुसले गेलेले नाहीत, ते लिहिलेच गेले नाहीत. डेटा रिकव्हरीवाल्यांच्या दुकानात पाच-दहा हजार घालवू नका.

लग्नवाला

सांगलीत सोळा वर्षं लग्नांचे फोटो काढतोय. खटपट्या म्हणतात ते शंभर टक्के. माझ्याकडं कामाला असलेल्या एका पोरानं असंच कार्ड आणलं होतं, हळदीचे फोटो राहिले आणि अक्षता गेल्या. नवरीच्या वडिलांना तोंड दाखवताना काय होतं ते विचारू नका.

पण नीराकाठ, तुम्हाला एक विचारतो. डी७२०० ला दोन कार्डांचे खण आहेत. दुसऱ्यात काय घालता?

नीराकाठ

काहीच नाही. पहिलं भरलं की दुसऱ्यात घालायचं, असं वाटायचं. पहिलं कधी भरलंच नाही.

लग्नवाला

अरे देवा. अहो, लोक दुसऱ्या खणासाठी वरचा कॅमेरा घेतात! शूटिंग मेनूत जा, दुसऱ्या खणातल्या कार्डाचं काम काय ते ठरवायची सोय आहे. तिथं तीन पर्याय दिसतील: ओव्हरफ्लो, बॅकअप, आणि रॉ एकात नि जेपेग दुसऱ्यात. बॅकअप लावा. प्रत्येक फोटो दोन्ही कार्डांवर जाईल. दोन्ही कार्डं एकाच मापाची घ्या, कारण बॅकअपमध्ये एक जरी भरलं तरी शटर बंद होतं. आणि वेग हळू कार्डाचा मिळतो, म्हणून एक चांगलं नि एक जुनंपानं असं करू नका. व्हिडिओ मात्र एकाच खणात जातो, तो दोन्हीकडं लिहिला जात नाही.

घ्यायचं काय? ६४ जीबीची दोन, यूएचएस-१ (कार्ड नि कॅमेरा यांच्यातल्या वेगाची पिढी), त्यावर यू३ किंवा व्ही३० लिहिलेलं. सॅनडिस्क, सोनी, सॅमसंग, लेक्सर, किंगस्टन, यांतलं कोणतंही घ्या, मी सगळी वापरलीत. ब्रँडपेक्षा कुणाकडून घेता ते बघा. जास्त खपणाऱ्या नावाचीच नक्कल होते. पुण्या-मुंबईत कॅमेऱ्याचं जुनं दुकान असेल तिथून पक्क्या बिलावर घ्या. ऑनलाइनच घ्यायचं, तर विकणारा कोण आहे ते नाव वाचा. संकेतस्थळ मोठं म्हणून विक्रेता खरा असं नसतं. आणि निम्म्याच्या निम्म्या भावात कुणी देत असेल, तर तो देत नाहीये, घेतोय.

डोंगरवारा

यू३ कशाला? घ्यायचंच तर यूएचएस-२, व्ही९० घ्या. ३०० एमबीचा वेग. एकदाच पैसे जातात, पुढं चिंता नाही.

लग्नवाला

@डोंगरवारा, यूएचएस-२ च्या कार्डाला मागं पिनांची दुसरी ओळ असते. डी७२०० च्या खणात त्या ओळीला टेकायला काही नाही. कार्ड चालेल, पण पहिल्याच ओळीवर, म्हणजे यूएचएस-१ च्याच वेगानं. कितीतरी जास्त पैसे देऊन तेच. नवा मिररलेस कॅमेरा घेणार असाल, त्यात यूएचएस-२ खण असेल, तर गोष्ट वेगळी.

निंबोणी

लेबलाचं मी सांगते, मलाही कधीतरी कुणीतरी असंच समजावलं होतं.

‘२०० एमबी’ असा जो भलामोठा आकडा छापतात तो वाचायचा वेग, तोही त्याच कंपनीच्या खास रीडरमध्ये. कॅमेऱ्याला लिहिण्याशी मतलब. व्ही३० म्हणजे सलग लिहिताना सेकंदाला ३० एमबीच्या खाली न जाण्याची हमी, व्ही६० म्हणजे ६०, व्ही९० म्हणजे ९०. यू३ ची हमीही ३० चीच, यू१ आणि क्लास १० ची १०. ए१ आणि ए२ हे मोबाइलमध्ये ॲप ठेवण्यासाठी, कॅमेऱ्यात त्याचा उपयोग शून्य. एसडीएचसी ३२ जीबीपर्यंत, त्यावरची एसडीएक्ससी. खूप जुना लॅपटॉप असेल तर त्याचा रीडर एसडीएक्ससी ओळखत नाही आणि माणूस नव्या कार्डाला शिव्या घालत बसतो.

तुमच्या अडकण्याचं गणित असं. डी७२०० १४ बिट रॉमध्ये सेकंदाला ५ फोटो काढतो, म्हणजे २८ च्या हिशेबानं १४० एमबी. यूएचएस-१ ची कमाल मर्यादाच १०४. म्हणजे जगातलं कुठलंही कार्ड घातलंत तरी कॅमेरा अडकणारच, कारण त्याच्या बफरमध्ये (त्या तात्पुरत्या मेमरीत) १४ बिट रॉचे साधारण १८ फोटो मावतात. साडेतीन-चार सेकंदांत ते भरतात. फरक पडतो तो रिकामं व्हायला. १८ फोटो म्हणजे पाचशे एमबी. ७० च्या वेगानं लिहिणारं कार्ड सात सेकंदांत मोकळं करेल, तुमचं ते बनावट २० नं लिहीत असेल तर पंचवीस. तेवढ्यात अश्व वाखरीला पोहोचेल.

रिंगणात १२ बिट रॉ लावून बघा, फाइल लहान होते आणि बफरमध्ये जास्त बसतात. आणि बोट दाबून धरू नका, तीन-तीन फोटोंचे झटके द्या.

चिपळूणकाठ

मायक्रो एसडी अडॅप्टरमध्ये घालून चालेल का? माझ्याकडं ड्रोनची दोन पडून आहेत.

खटपट्या

चालतं, पण अडॅप्टरमुळं सांध्यांची एक जोडी वाढते. पावसाळी हवेत सांधे जेवढे कमी तेवढं बरं. अडीनडीला ठीक, रिंगणाला नको.

नीराकाठ

उशीर झाला, माफ करा. काल रात्री चाचणी लावली होती. सकाळी बघतो तर: २९.१ जीबी ठीक, बाकी सगळं गेलेलं. फोटोरेकनंही लोणंदपुढचं काही दिलं नाही.

विक्रेत्याला लिहिलं, तर परतीची मुदत संपली म्हणाला. सोडून दिलं.

भाचा पुण्यात असतो, त्याला कार्डांचं लिहून पाठवलं होतं. त्यानं ६४ ची दोन घेतली, बिलासकट, आणि संध्याकाळच्या एसटीनं आला. दोन्हींची चाचणी केली, दोन्ही खरी. बॅकअप लावून वीस-पंचवीस फोटो काढून बघितले, दोन्हींत आहेत. पालखी आज बरडला आहे, पुरंदवडा परवा.

लग्नवाला

झकास. आणखी दोन सवयी लावून घ्या. कार्डावर मार्करनं आकडा घाला, १ आणि २, म्हणजे कुरकुर करणारं कोणतं ते कळतं. आणि कॅमेऱ्यात एकेक फोटो पुसत बसू नका, उतरवून झाले की कॅमेऱ्यातच पूर्ण फॉरमॅट. हिरवा दिवा लागलेला असताना खणाचं झाकण उघडायचं नाही, हे तर सांगायला नकोच.

नीराकाठ

पुरंदवड्याहून लिहितोय, रेंज येते-जाते. सकाळपासून भुरभुर होती, रिंगणाच्या वेळी थांबली. अश्वाच्या टापेखालची माती उचलायला माणसं धावली तोही फोटो मिळालाय. झटके देत काढले, एकदाही अडकला नाही. मैदानातच दोन्ही कार्डं आलटून पालटून बघितली, दोन्हींत ४१८.

एक शेवटची शंका. ते बनावट कार्ड ३२ जीबीचं समजून धाकट्याच्या कॅमेऱ्यात वापरलं तर?

खटपट्या

नको. एफ३ मध्ये खऱ्या मापाएवढाच भाग आखून द्यायची सोय आहे, पण कॅमेऱ्यात फॉरमॅट मारलात की ते परत २५६ चं सोंग घेणार. आणि असली मेमरी बहुतेक वेळा कारखान्यानं नापास केलेली असते. पक्कडीनं दोन तुकडे करा. कुणाला देऊ नका.

नीराकाठ

घरी गेलो की करतो. अर्धा तुकडा कॅमेऱ्याच्या बॅगेत ठेवणार आहे.