पस्तिशीनंतरचं पहिलं बाळ: बाऊ की खबरदारी?

रानजाई:
पस्तिशी उलटलेल्या पहिलटकरणीच्या फाइलवर 'जोखमीची' असा शेरा पडतो आणि मग जो तो तिच्याशी काचेचं भांडं असल्यासारखा वागतो. ही ३५ची रेघ बऱ्याच अंशी १९७०च्या दशकातली. गर्भजल तपासणीमुळे गर्भपात होण्याचा धोका आणि बाळाला डाउन सिंड्रोम (एक गुणसूत्र जास्तीचं असल्याने येणारी जन्मजात स्थिती) असण्याची शक्यता तेव्हा साधारण या वयात बरोबरीला येत होती. आता दहाव्या आठवड्यापासून आईच्या नुसत्या रक्तावरून प्राथमिक चाचणी होते. रेघ मात्र हलायला तयार नाही! चौतिशीत ठणठणीत असलेली बाई वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी नाजूक होते की काय?

कोरा_कागद:
असहमत. एका रात्रीत काही होत नाही, मान्य. पण डाउन सिंड्रोमची शक्यता पंचविशीत सुमारे १२५० मध्ये १, पस्तिशीत ३५० मध्ये १ आणि चाळिशीत १०० मध्ये १ असते. तपासणी सोपी झाली म्हणून ती कमी होत नाही, फक्त आधी कळते. शिवाय गर्भपात, गर्भारपणातला मधुमेह, रक्तदाब, सिझेरियन हे सगळं वयाबरोबर वाढतं. 'बाऊ नको' ऐकून एखादी आणखी दोन वर्षं थांबली तर ती वर्षं तिला कोण परत देणार?

रानजाई:
१०० मध्ये १ म्हणजे ९९ जणींच्या बाळांना तो नसतो, हेही त्याच दमात सांगा की. आणि बापाच्या वयाबद्दल चकार शब्द नाही? पुरुषाचं वय वाढतं तसे शुक्राणूंमधले नवे जनुकीय बदलही वाढतात. त्याच्या फाइलवर कुणी शेरा मारत नाही. (त्याची फाइलच नसते म्हणा.)

पाणवठा:
प्रसूतिकक्षात काम करते, म्हणून मध्ये पडते. तुम्ही दोघं दोन वेगळी भांडणं एकत्र भांडताय. एकदा दिवस राहिले की नीट देखरेखीखाली पस्तिशी-चाळिशीतल्या बहुतेक जणी सुखरूप बाळंत होतात. खरी अडचण दिवस राहण्याची. तिशीत दर महिन्याला ती शक्यता साधारण २० टक्के असते, चाळिशीत जेमतेम ५. आयव्हीएफने (टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचाराने) स्त्रीबीजाचं वय कमी होत नाही. पन्नाशीतल्या आईच्या बातम्यांत बीज बहुधा दुसऱ्या तरुण स्त्रीचं असतं, आणि नेमकं तेवढंच छापायचं राहतं. पस्तिशीनंतर सहा महिने प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत तर दोघांनी तपासून घ्यावं, वर्षभर वाट बघू नये. चाळिशी ओलांडली असेल तर लगेच.

कोरा_कागद:
म्हणजे मी म्हणत होतो तेच.

रानजाई:
कुठे? तुम्ही 'लवकर मूल होऊ द्या' म्हणत होतात. ताई 'लवकर तपासा' म्हणतायत.

कोरा_कागद:
बरं, तपासलं आणि एएमएच (रक्तातलं एक संप्रेरक) कमी आलं, तर?

पाणवठा:
त्यावरून बीजांचा साठा किती उरलाय याचा अंदाज येतो. आपोआप दिवस राहतील की नाही, हे तो आकडा सांगत नाही. तो बघून घाबरलेल्या कितीतरी जणी आमच्याकडे बाळंत होऊन गेल्यात.