सल्ला हवा: राष्ट्राध्यक्षांचा नकाराधिकार (व्हेटो) समजावून सांगायला कोणते देश निवडू?

तिन्हीसांज:
वाचनगटात या विषयावर अर्धा तास बोलायचं आहे. अमेरिका आणि भारत घेणारच. बाकी कोणते देश घेऊ? नुसती जंत्री वाचून दाखवायची नाही, फरक ऐकणाऱ्यांच्या लक्षात राहायला हवा.

शमी:
आधी दोन प्रश्न पक्के करा. परत आलेलं विधेयक पुन्हा मंजूर करायला किती मतं लागतात? आणि राष्ट्राध्यक्ष नुसते गप्प बसले तर काय होतं? मला दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि त्याला तुमची जोडी उत्तम आहे.

अमेरिकेत रविवार सोडून १० दिवस मिळतात. तेवढ्यात सही झाली नाही तरी विधेयकाचा कायदा होतो. पण त्याआधीच काँग्रेसचं, म्हणजे तिथल्या संसदेचं, अधिवेशन संपलं आणि विधेयक परत पाठवायची सोय उरली नाही, तर ते बारगळतं. हा पॉकेट व्हेटो. तो मतदानाने फिरवता येत नाही, सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

भारतात राज्यघटनेच्या कलम १११ मध्ये सही कधीपर्यंत करायची याची मुदतच नाही. १९८६ मध्ये संसदेने टपाल कार्यालय दुरुस्ती विधेयक मंजूर केलं. त्यात लोकांची पत्रं अडवण्याचा अधिकार सरकारला मिळणार होता. राष्ट्रपती झैल सिंग यांनी सहीही केली नाही आणि ते परतही पाठवलं नाही. त्याचा कायदा कधीच झाला नाही. हे उदाहरण नक्की घ्या, नुसत्या कलमांनी जे कळत नाही ते यातून कळतं.

याच्या उलट २००६ मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलाम यांनी लाभाच्या पदाचं विधेयक (खासदारांना कोणती सरकारी पदं चालतील याबद्दलचं) फेरविचारासाठी परत पाठवलं. संसदेने ते पुन्हा मंजूर केलं आणि त्यांना सही करावी लागली. दुसऱ्यांदा नाही म्हणायची मुभा राष्ट्रपतींना नाही. म्हणजे उघड नकारापेक्षा मौनाला जास्त बळ आहे, आणि हे मला खरोखर काळजीचं वाटतं.

कुतूहल:
मतांच्या प्रश्नासाठी पोलंड घ्या. तिथे कनिष्ठ सभागृहात तीन पंचमांश मतं लागतात. सरकार आणि राष्ट्राध्यक्ष वेगवेगळ्या गोटांतले असले की तेवढी मतं जमवणं फार अवघड जातं. अमेरिकेत दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश लागतात, त्यामुळे व्हेटो क्वचितच फिरतो. अपवाद राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन. त्यांचे १५ व्हेटो काँग्रेसने फिरवले, १८६६ चा नागरी हक्क कायदा त्यांतलाच. फ्रान्स एका वाक्यात उरका: राष्ट्राध्यक्ष फेरविचार मागू शकतात, संसदेला साधं बहुमत पुरतं.

तिन्हीसांज:
मनापासून आभार. विधेयकातलं एखादंच कलम नाकारता येतं का?

कुतूहल:
ब्राझीलमध्ये येतं, आणि ते फिरवायला दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यसंख्येचं बहुमत लागतं. अमेरिकेने खर्चाच्या बाबींपुरता असा अधिकार १९९६ च्या कायद्याने दिला होता. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला, कारण मंजूर कायद्यातला भाग राष्ट्राध्यक्षाने एकट्याने खोडायचा म्हणजे कायदा बदलणंच झालं.

शमी:
वेळ उरला तर जर्मनी. राजकीय मतभेदासाठी व्हेटो तिथे नाहीच, पण घटनेशी विसंगत वाटलं तर राष्ट्राध्यक्ष सही नाकारू शकतात. २००६ मध्ये होर्स्ट क्योलर यांनी हवाई वाहतूक नियंत्रणाच्या खासगीकरणाचा कायदा असाच अडवला. पण झैल सिंगांचा वेळ कापून जर्मनी बसवू नका.