जिमसाठी आहारतज्ज्ञ हवेत : आठवड्याला २ दिवस, महिना १२ हजार (सोलापूर, पूर्व भाग)

पोलादी_पूर्वभाग
नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोडच्या बाजूला जिम आहे. मेंबर १८०, त्यात दुपारची लेडीज बॅच ५५ ची. निम्मे लोक यंत्रमाग-टॉवेलच्या धंद्यातले, घरात तेलुगू बोलणारे. डाएटसाठी कुणीतरी हवंय, दोन दिवस, रोज तीन तास. बजेट १२,००० महिना, वर एक रुपया नाही. विचारायचंय ते असं : डिग्री कुठली बघायची, ठरीव पैसे द्यायचे की टक्केवारी, आणि मुलाखतीत काय विचारायचं? प्रोटीन पावडरचे डीलर कृपया लांब राहा.

डंबेलअण्णा
१२ हजारात कोण येतंय मालक? पुण्याहून फुलटाइम माणूस आणा, ३५-४० द्या, खोली बघून द्या. काचेची केबिन करा. आणि आधी बॉडी कॉम्पोझिशनचं मशीन घ्या. त्याच्याशिवाय मेंबरला पटतच नाही.

सातरस्ता
अण्णा, बजेट वाचलं का? आणि मशीनचं म्हणाल तर ते चरबी मोजत नाही. अंगातून बारीक करंट सोडून पाण्याचा अंदाज घेतं, बाकी सगळं गणित. व्यायाम करून, बाटलीभर पाणी पिऊन माणूस उभा केला की आकडे भलतेच येतात. घ्यायचंच असेल तर सकाळी उपाशीपोटी, लघवीला जाऊन आल्यावर, व्यायामाआधी, दर वेळी त्याच वेळेला. इतकं पाळणार नसाल तर शिंप्याची टेप बरी. कंबर पुरुषांची ९० सेंमी, बायकांची ८० च्या वर गेली की लक्ष द्यायचं. बीएमआयला (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) आपल्याकडे २३ पासूनच जास्त वजन धरतात, २५ नाही.

पथ्यपाणी
डिग्रीबद्दल. 'न्यूट्रिशनिस्ट' असं पाटीवर कुणीही लिहितो. बघायचं ते असं : एमएस्सी फूड अँड न्यूट्रिशन किंवा डाएटेटिक्सचा पीजी डिप्लोमा, हॉस्पिटलमधली इंटर्नशिप, आणि शक्यतो आरडी, म्हणजे इंडियन डाएटेटिक असोसिएशनची परीक्षा देऊन मिळणारी नोंदणी. आरडी नंबर मागा, सर्टिफिकेटची वैधता संपली नाही ना ते बघा. २०२१ च्या अलाइड हेल्थकेअर कायद्यात डाएटिशियन आणि न्यूट्रिशनिस्ट हे दोन्ही धरलेत, त्यामुळे पुढेमागे रजिस्ट्रेशन लागणारच. सहा आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स ही डिग्री नव्हे. नावाआधी 'डॉ.' असेल तर कशातले डॉक्टर, हेही विचारा.

डंबेलअण्णा
मग आपल्याच ट्रेनरला तो कोर्स करून द्यायचा की. आमच्याकडे तसंच चाललंय, एक रुपया जास्त खर्च नाही.

पथ्यपाणी
ट्रेनरने अंडी किती, पाणी किती, व्यायामाआधी केळं, एवढं सांगावं. शुगर, बीपी, किडनी, थायरॉइड, बाळंतीण, १८ च्या आतली मुलं यांना कागदावर डाएट लिहून देऊ नये. ही यादी काउंटरवर चिकटवा. प्रवेश फॉर्ममध्ये आजार आणि चालू गोळ्या असे दोन रकाने हवेतच. हे दोन रकाने नसलेला फॉर्म फाडून टाका.

हिशेबनीस
वेळेचं गणित आधी करा. २ दिवस × ३ तास × ४ आठवडे = २४ तास, म्हणजे तासाला ५००. नवीन माणसाला ४५ मिनिटं, फॉलोअपला १५. महिन्यात १० नवीन घेतले तर साडेसात तास, ४० फॉलोअपला १० तास, उरलेले साडेसहा तास प्लॅन लिहायला. बस्स, संपलं. तेव्हा 'सर्व मेंबरना डाएट मोफत' असा बॅनर लावलात तर पहिल्याच महिन्यात तोंडघशी.

टक्केवारी नको. पॅकेजवर टक्के दिले की नवीन गिऱ्हाईक खेचण्यावर जोर राहतो, जुन्याला विचारत नाहीत. ९ हजार ठरीव ठेवा, ३ हजार तिसऱ्या फॉलोअपपर्यंत टिकलेल्या मेंबरांवर. एकाच आर्थिक वर्षात ५० हजारांच्या वर फी गेली की १० टक्के टीडीएस (फी देतानाच कापून सरकारकडे भरायचा कर), पण प्रोप्रायटर, म्हणजे एकटेच मालक असाल आणि मागल्या वर्षीची उलाढाल १ कोटीच्या आत असेल तर कापायची गरज नाही. जिमवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ चा ५ झालाय, पण इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेला जीएसटी वळता करून घ्यायची सोय, गेलं. त्यामुळे जीएसटीचं बिल देणारी कंपनी गाठलीत तर तो कर तुमच्याच खिशातून.

डंबेलअण्णा
क्रेडिट गेलं ते बरोबर. ट्रेडमिलवरचे १८ टक्के आता कुठून काढायचे? सरकारला काय जातंय बोलायला.

कडकभाकरी
डाएटवाले बाहेरून आले की पहिल्यांदा शेंगाचटणी बंद करतात आणि ओट्स लावतात. सोलापुरात हे चालत नाही बे. शेंगांमध्ये १०० ग्रॅमला २५ ग्रॅम प्रोटीन आहे, पावडर कशाला पाहिजे?

सातरस्ता
आहे की, पण त्याच १०० ग्रॅममध्ये ५६० च्या वर कॅलरी आणि जवळपास ५० ग्रॅम तेल. १०० ग्रॅम प्रोटीन नुसत्या शेंगांतून काढायचं तर ४०० ग्रॅम शेंगा, सव्वादोन हजारांच्या वर कॅलरी. चटणी दोन चमचे, २० ग्रॅम धरा, ५ ग्रॅम प्रोटीन मिळतं. तेवढी खुशाल खा.

कडकभाकरी
आणि वर कच्चं तेल?

सातरस्ता
तेल ओतलं की चमच्याला आणखी ४५ कॅलरी. भाकरी मात्र सोडू नका. ६५ ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरीत साडेसहा ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं.

पथ्यपाणी
हाच मुलाखतीचा पहिला प्रश्न करा : 'सकाळी कडक भाकरी-चटणी, रात्री भात खाणारा, ७० किलोचा, रोज वजन उचलणारा माणूस. आत्ता इथे बसून एका दिवसाचा प्लॅन लिहा.' २० मिनिटं द्या. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने सामान्य माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे ५८ ग्रॅम प्रोटीन. नियमित वजन उचलणाऱ्याला १.४ ते २, म्हणजे ९८ ते १४०. हे अंडी, डाळ, दही, सोयाबीन वडी यांतून कसं बसवतात ते बघा. पहिल्याच ओळीत अ‍ॅव्होकॅडो आणि पावडर आली तर चहा पाजून निरोप द्या.

दुसरा : 'ग्लिमेपिराइड (शुगर उतरवणारी गोळी) चालू असलेला शुगरवाला सकाळी ६ च्या बॅचला उपाशी येतो.' उत्तर हवं ते असं : उपाशी व्यायाम नको, शुगर एकदम खाली जाऊ शकते, डॉक्टरांना विचारून गोळीची वेळ ठरवावी, जिममध्ये साखर ठेवावी, घाम-थरथर झाली की १५ ग्रॅम म्हणजे तीन छोटे चमचे पाण्यातून. 'गोळी बंद करा' म्हणणाऱ्याला तिथेच थांबवा.

तिसरा : 'लग्न २० दिवसांवर आहे, ८ किलो कमी करायचंय.' आठवड्याला अर्धा किलो हाच सुरक्षित वेग. १००० कॅलरीच्या खाली जाणारा प्लॅन लिहिला तर नापास.

चौथा : श्रावण, नवरात्र आणि रोजे यांत प्लॅन कसा बदलाल? साबुदाणा-शेंगदाण्यावर महिना काढणाऱ्या माणसाचं प्रोटीन कुठून येणार, हे त्यांना सुचलं पाहिजे.

जुळेकर७७
आरडीच घ्या. एमएस्सी असेल तरी आरडी बघा.

हिशेबनीस
सांगितलंय वर ते. करारात काय घालायचं ते लिहितो : पहिले दोन महिने चाचणी, सोडताना ३० दिवसांची नोटीस, मेंबरच्या फाइली जिमकडे पण मेंबरची लेखी संमती घेऊन, व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तर द्यायची वेळ (नाहीतर रात्री ११ ला 'मॅडम, पुरणपोळी चालेल का?'), आणि सप्लिमेंटवर कमिशन दोघांनाही बंद. जिममध्ये सप्लिमेंटचे डबे ठेवून विकणार असाल तर एफएसएसएआयची (अन्नसुरक्षा प्राधिकरण) नोंदणी वेगळी. बॅनरवर 'शुगर मुळापासून बरी', 'लठ्ठपणावर रामबाण' असं काही लिहू नका. १९५४ च्या जाहिरात कायद्यात मधुमेह आणि लठ्ठपणा दोन्ही येतात.

डंबेलअण्णा
कमिशन बंद केलं तर जिमवाल्याने खायचं काय? तरी सांगतो, पुण्याहून आणा.

पोलादी_पूर्वभाग
सगळ्यांचे आभार. चार जणांना २० मिनिटांचा कागद लिहायला लावला. आरडी असलेल्या दोघींचे प्लॅन उत्तम होते. पण एकीला दुपार जमत नाही, दुसरीला आठवड्यात एकच दिवस.

शेवटी आरडी नसलेली मुलगी घेतली. एमएस्सी झालीय, हॉस्पिटलची इंटर्नशिप पूर्ण, आरडीची परीक्षा द्यायचीय, तेलुगू-मराठी दोन्ही बोलते. ग्लिमेपिराइडचं बरोबर सांगितलं, गोळीला हात लावणार नाही हे स्वतःहून म्हणाली. लेडीज बॅचमधल्या निम्म्या बायका मराठीत 'हो हो' म्हणतात आणि घरी जाऊन दुसरंच करतात, तिथे प्लॅन समजावून सांगता येणं मला आरडी नंबरापेक्षा मोठं वाटलं. ठरीव ९ आणि वर ३, हिशेबनीस म्हणाले तसं. शुगर आणि किडनीवाले तिच्याकडे नाहीत, ते आरडी बाईंकडे महिन्यातून एक शनिवार, फी मेंबर स्वतः देणार. मशीन घेतलं नाही. टेप आणली.

पथ्यपाणी
धोका पत्करलाय तुम्ही. परीक्षेची तारीख करारात लिहून घ्या, आणि तिचे पहिले दहा प्लॅन आरडी बाईंना दाखवा.

कडकभाकरी
चटणी बंद केली का तिने?

पोलादी_पूर्वभाग
दोन चमचे. वरचं तेल बंद.

जुळेकर७७
आरडी बघून घ्या मालक.