जिन्याचा लाकडी कठडा: पायरीमागे एक दांडा पुरेल का?

फोंड्याची_गृहिणी
नमस्कार. आमचं घर चिऱ्यांचं, माडी नंतर चढवलेली. जिना आरसीसीचा, पायऱ्यांवर ग्रॅनाइट. जुना लोखंडी कठडा तळाशी गंजून हलायला लागला म्हणून काढून टाकला. परसातला फणस पडला होता, त्याच्या फळ्या दोन पावसाळे छपराखाली वाळताहेत. कठडा त्याचाच करायचाय. पायरी 10 इंच रुंद, दांडे पावणेदोन इंच चौकोनी. मेस्त (सुतार) म्हणतो, पायरीमागे एकच दांडा लावू, नाहीतर आडव्या पट्ट्या मारू, छान दिसतात. घरात दीड वर्षाची मुलगी आहे आणि सासूबाईंचे गुडघे दुखतात. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आत व्हावं असं घरच्यांना वाटतं. काय करू?

साखळीचा_सुतार
ताई, आडव्या पट्ट्या मुळीच नकोत. मूल त्यावर शिडीसारखं चढतं. आणि पायरीमागे एक दांडा म्हणजे मध्ये सव्वाआठ इंच मोकळे, त्यातून मुलगी सरळ खाली जाईल. पायरीमागे दोन लावा. मध्यापासून मध्यापर्यंत 5 इंच, मधली फट सव्वातीन. फट 4 इंचांच्या आतच हवी.

पण खरा जीव पहिल्या खांबात असतो. कठडा 3 फूट उंच धरा. वरच्या टोकाला कुणी 50 किलोच्या जोराने आडवं रेटलं तर 4 इंच खांबाच्या बुडाशी बोल्टांवर साधारण 450 किलोची ओढ येते. लादीत चार स्क्रू पिळून हे पेलत नाही. तळमजल्याच्या लादीखाली बहुतेक घरांत भराव असतो, तिथे अँकर (भोकात रुतवलेला बोल्ट) धरतच नाही. एक लादी काढा, फूटभर लांब-रुंद-खोल काँक्रीट ओता आणि ते पक्कं झाल्यावर जाड पत्र्याची बैठक केमिकल अँकरने (भोकात चिकट रसायन भरून) 12 मिलीमीटरच्या बोल्टांवर बसवा. वरच्या पायऱ्यांत भोकं पाडाल तिथे ग्रॅनाइटपुरता ड्रिलचा हॅमर (ठोके) बंद ठेवून डायमंड बिट वापरा, आणि कडेपासून 3-4 इंच आत राहा, नाहीतर कोपरा उडतो. खांबाचं बूड लादीला टेकू देऊ नका. रोज लादी पुसताना ते पाणी पितं आणि तिथूनच कुजतं.

दांडे ग्रॅनाइटमध्ये एकेक रोवण्यापेक्षा खाली जिन्याच्या उताराने एक पट्टी घ्या आणि खाच-कुसू करून, म्हणजे पट्टीत खाच आणि दांड्याच्या टोकाला तिच्यात घुसणारं कुसू काढून, दांडे तिच्यात बसवा. उतार कागदावर काढू नका. पायऱ्यांच्या नाकांवर सरळ रिप टेकवा आणि तिरपा गुण्या (कोन घ्यायचं हत्यार) तिच्यावरूनच लावा, कारण जागेवर दोन पायऱ्या सारख्या नसतात. प्रत्येक दांड्याला ओळंबा लावून बघा.

चवथीची घाई मात्र करू नका. लाकूड लांबीत फारसं हलत नाही, रुंदीत हलतं. पावसात फुगलेलं कुसू आत्ता घट्ट बसेल आणि मार्चमध्ये आकसून खुळखुळेल. काम दिवाळीनंतर घ्या. तोवर जिना उघडा ठेवू नका, आजच उभे बांबू जवळजवळ घट्ट बांधून घ्या.

मांद्र्याहून
स्क्रू-बोल्ट स्टेनलेसचेच मागा, किनाऱ्याजवळ घर असेल तर 316 ग्रेडचे. लोखंडी खिळा खाऱ्या हवेत गंजतोच, शिवाय त्याच्याभोवती लाकडावर काळा डाग उतरतो आणि तो पॉलिशखालूनही दिसतो. दमट हवेत मारलेलं लॅकर पांढरट पडतं, म्हणून पॉलिशही कोरड्या दिवसांतच. आणि पॉलिश करताना कापलेली टोकं विसरू नका. पाणी सर्वांत आधी तिथूनच शिरतं.

फोंड्याची_गृहिणी
दोघांचेही आभार. बांबू आज संध्याकाळीच बांधून घेतो. मेस्तला दोन दांड्यांचं सांगितलं, तो म्हणाला लाकूड कमी पडेल. सासूबाईंना भिंतीच्या बाजूनेही धरायला काही हवं होतं, ते कसं करू?

साखळीचा_सुतार
लाकूड कमी पडलं तर दांडे दीड इंचाचे करा, पण अंतर वाढवू नका. फट साडेतीनवर जाईल, चालतं.

सासूबाईंसाठी भिंतीला गोल दांडा लावा, साधारण पावणेदोन इंच जाड, भिंतीपासून 2 इंच सुटा, म्हणजे बोटं पूर्ण वळून मूठ बसते. रुंद सपाट पट्टीवर हात नुसता टेकतो, तोल गेला की धरता येत नाही. ब्रॅकेट खालून लावा, म्हणजे हात न सोडता सरकतो. दांडा शेवटच्या पायरीपुढे फूटभर न्या, दुखऱ्या गुडघ्याला खरा आधार खाली जमिनीवर पाय टेकताना लागतो. चिऱ्याच्या भिंतीत नुसता प्लग सैल पडतो, तिथे भोक साफ फुंकून केमिकल अँकरच भरा.